देवळालीची बिअर, अणदूरची आंबील

आमच्या अणदूरच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. धाकटा काका हातभट्टीपायी गेला. तेव्हापासून आजी रिकामी बाटलीसुद्धा घरात ठेवू देत नसे. म्हणूनच परवा पुण्यात भाचा म्हणाला, "मामा, चला, बिअर कशी होते ते बघू," तेव्हा पाय अडखळले. पण गेलो.

पुण्यात 2009 साली 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि मग अशा जागा वाढत गेल्या. नावाची गंमत ऐका. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून गोरे सोजीर वेडेपिसे होत. त्यांच्या बोलीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला!

आम्ही गेलो तिथे काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या होत्या. मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात मुरवायची, ते पाणी गाळून हॉप्सची कडवट फुलं घालून उकळायचं, निवलं की यीस्ट घालायचं. गव्हाच्या बिअरचे दोन घोट घेतले. केळ्याचा, लवंगेचा वास आला आणि मागोमाग आईची आंबील आठवली. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवलेलं. किमया तीच, वाट तेवढी वेगळी!

भाच्यानं दुसरा ग्लास मागवायला हात वर केला. काका गेला तेव्हा याच वयाचा होता.

"बास रे," मी म्हटलं, "जेवायला चल."

तो हसला, पण उठला. स्कूटर तिथेच ठेवून आम्ही रिक्षानं घरी आलो.