उलटा जोर

भिवंडीत यंत्र मोडीत निघालं म्हणजे ते संपलं, असं धरून चालता येत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांनी टाकून दिलेले माग या गावाने विकत घेतले आणि चालवले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तसा इथला यंत्रमागाचा धंदा फुगत गेला. मागाबरोबर त्याला जिवंत ठेवणारेही आले, म्हणजे फिटर, वेल्डर, लेथवाले, सुटे भाग विकणारे. ज्या गावात लोखंडाची अशी दुसरी खेप लागते, तिथे माळ्यावर गंजत पडलेल्या दहा गिअरच्या जुन्या रेसिंग सायकलीला भंगार म्हणणं मला पटत नाही. तिची फिक्स्ड गिअर सायकल करता येते.

हे काम काढाकाढीचं आहे असं लोक समजतात. मागचा गिअर बदलणारा डेरेलर काढा, त्याच्या तारा काढा, दांडीवरचे खटके काढा, पुढची एक चकती काढा, झाली सायकल हलकी. एवढं अर्ध्या तासात होतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण साध्या सायकलीत कधीच न येणारा एक जोर आता या सायकलीत येणार असतो. तो म्हणजे मागे ओढणाऱ्या पायांचा जोर.

आपल्या नेहमीच्या सायकलीत पायडल थांबवलं तरी चाक पळत राहतं. मागच्या फ्रीव्हीलच्या पोटात छोटे कुत्रे असतात. पुढे जोर लावला की ते दात्यात अडकतात, पाय थांबले की दात्यांवरून घसरत टिकटिकतात. उतारावरची ती टिकटिक म्हणजे पाय आणि चाक यांची फारकत. फिक्स्ड गिअरमध्ये कुत्रे नसतात, दाते थेट हबला बसतात. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. उलट जोर लावला तर चाक मंदावणार. उलटं पायडल मारलं तर सायकल मागेही जाते.

मागावर काम केलेल्याला हे समजवावं लागत नाही. मागाचा वरचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा खालचा एकदा फिरतो, आणि त्या हिशेबात कुणालाही सूट नसते. धोटा वेळेत पेटीत पोचला नाही तर पक्क्या फणीचा माग ठोकर खाऊन जागच्या जागी उभा राहतो.

आता हत्यारं काढू. जुनं फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचेत बसणारा काढणा लागतो. तो शेगड्यात घट्ट धरायचा, चाक वरून आडवं बसवायचं आणि रिम दोन्ही हातांनी गाडीच्या स्टिअरिंगसारखी डावीकडे फिरवायची. पान्ह्याने काढायला गेलात तर हात सोलतील. पंधरा-वीस वर्षं पायडलच्या प्रत्येक दाबाने ते आवळलं गेलेलं असतं, त्यामुळे सुटताना कडकन आवाज होतो. खाली हबचे आटे दिसतात. जुन्या इंग्लिश मापात ते १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ असतात. ट्रॅक सायकलीच्या दातेचकतीचे आटेही याच मापाचे, म्हणून चकती बिनतक्रार चढते. इथेच नवखा फसतो.

पुढे पायडल मारलं की चकती आवळली जाते. मागे जोर दिला की ती सुटू बघते. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर चकतीच्या बाहेर आणखी एक पायरी असते. ती थोड्या लहान व्यासाची, १.२९ इंचाची, आणि तिचे आटे उलटे. तिच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग बसते. चकती सुटायला लागली की लॉकरिंग आवळते. जुन्या रेसिंग हबवर ही पायरी नसते. त्यावरचा जुगाड असा की पायडलच्या एक्सलच्या कपाला असते ती लॉकरिंग चकतीच्या बाहेरून चढवायची, तिचेही आटे त्याच १.३७ च्या मापाचे असतात. पण ते सुलटे. म्हणजे दोघी एकाच दिशेने सुटणार. आटे धरून ठेवणारा डिंक लावला, कचकचून आवळलं, तरी मी यावर पूर्ण भरवसा ठेवणार नाही. ट्रॅक हब आणून जुनीच रिम त्यावर नव्या तारांनी बांधून घ्यावी. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

उलट्या जोराने साखळीचाही हिशेब बदलतो. सायकल पुढे जाताना साखळीची वरची बाजू ताणलेली असते, मागे ओढताना खालची. म्हणून एकगिअरी सायकलीत साखळी ताणायला लावतात तो स्प्रिंगचा चिमटा इथे चालत नाही. खालची बाजू ताणली की तोच मोडतो. ताण चाक मागे सरकवूनच साधायचा. त्यासाठी मागच्या एक्सलच्या खाचा आडव्या हव्यात. जुन्या लोखंडी फ्रेममध्ये त्या बहुधा आडव्याच असतात. नव्या, उभ्या खाचांच्या फ्रेमी या कामाला निकामी. साखळीला मध्यावर साधारण अर्धा इंच ढिलाई ठेवायची, आणि तीही जिथे साखळी सर्वांत घट्ट होते त्या जागी, कारण पुढची चकती अगदी गोल कधीच नसते.

साखळी सरळ रेषेत हवी. पुढे ५२ आणि ४२ दात्यांच्या चकत्या असतील तर आतली ४२ ची ठेवावी, तीच मागच्या दात्यांच्या समोर येते. मागे सहा-सात चकत्या असलेल्या सायकलीचं मागचं अंतर १२६ मिलिमीटर, ट्रॅक हबचं १२०. फरक वॉशरने भरून निघतो. जुनाच हब ठेवलात तर एक्सलवरचे वॉशर उजवीकडून डावीकडे न्यावे लागतात, मग रिम मध्यावर राहत नाही, आणि तारा ढिल्या-घट्ट करून ती मध्यात आणायला आऊट काढणारा चांगला माणूस लागतो.

मागे किती दाते ठेवायचे? ४२ ला १६ घेतले तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ऐंशी फेऱ्या मारल्या तर ताशी सव्वीस किलोमीटर पडतात. भिवंडीच्या सपाटीला हे पुरेसं आहे. १४ दात्यांचा मोह टाळावा. ४२ ला १४ ने नेमका भाग जातो, त्यामुळे पाय रोखून चाक घसरवलं की दर वेळी टायरचा एकच तुकडा घासला जातो. १६ ला तो ठिपका आठ ठिकाणी वाटला जातो, १७ ला सतरा ठिकाणी.

जुन्या काळी बहुतेक सायकली अशाच होत्या. १९०३ साली पहिली टूर द फ्रान्स झाली तेव्हा तिथल्या सायकलींना गिअर बदलण्याची यंत्रणा नव्हती, आणि शर्यतीचा जनक आंरी देग्रांज यालाही ती नकोच होती. डेरेलरला तिथे १९३७ मध्ये मुभा मिळाली. तोवर काही स्पर्धक मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगळे दाते लावत आणि घाट आला की उतरून, नट सोडून, चाक उलटं बसवत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट जिंकणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. देग्रांजच्या नियमाने तो बहुधा खोपोलीत पान्हा शोधत बसला असता.

ही सायकल आज खरी नांदते ती ट्रॅकवर. जपानमध्ये १९४८ पासून तिच्या केरिन शर्यतींवर पैसे लागतात. आपल्याकडे बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या संकुलात वेलोड्रोम आहे. महाराष्ट्राची मयुरी लुटे २०२२ मध्ये दिल्लीच्या आशियाई ट्रॅक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटमध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या चमूत होती. ट्रॅकवरच्या सायकलीला ब्रेक नसतो. सगळे एकाच दिशेला पळतात, समोरून कुणी येत नाही, म्हणून ते चालतं. न्यूयॉर्कच्या सायकलवरच्या निरोप्यांनी ही सायकल रस्त्यावर मिरवली. तिथलाच एक, नेल्सन व्हेल्स, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटचं रौप्य घेऊन आला. त्यांची बिनब्रेकची ऐट जगभर पसरली, इथवरही येईल.

ती भिवंडीत नको. अंजूरफाट्याला गोदामाकडे वळणारा कंटेनर, कल्याण नाक्यावरची रिक्षांची गर्दी, पावसाळ्यानंतरचे खड्डे, यांच्यामध्ये नुसत्या पायांनी सायकल थांबत नाही. अचानक थांबायचं तर भार पुढच्या चाकावर येतो, मागचं फक्त घसरतं. इंग्लंडच्या कायद्यात फिक्स्ड चाक हा एक ब्रेक धरतात, तरी पुढचा लागतोच. जुन्या रेसिंगला पुढचा ब्रेक आयता असतो, तो ठेवावा आणि त्याचे रबर बदलून घ्यावेत. वळणावर पाय थांबवता येत नसल्याने पायडल जमिनीला टेकू शकतं. क्रँक १७० मिलिमीटरची असेल तर १६५ ची मिळते का बघावं. पायाला पट्टे किंवा पिंजरा हवा. पाय सुटला तर फिरणारं पायडल नडगी फोडतं.

सायकल उलटी करून, चाक फिरवत, चिंध्यांनी साखळी पुसायची सवय असेल तर ती आधी मोडा. चिंधी दात्यात गेली की बोटही जातं, आणि चाकाचा वेग ओसरेपर्यंत साखळी ते सोडत नाही. तेल घालताना चाक हाताने सावकाश मागे फिरवावं, एका हाताने रिम धरून.