ग्रंथी : रचना, वर्गीकरण आणि एक दक्षता

कडोलीच्या शिवारात उभे राहिले की ग्रंथींचे वर्गीकरण सहज उमगते. विहिरीचे पाणी पाटाने नेमक्या वाफ्यात जाते. पाऊस मात्र साऱ्या शिवारावर पडतो आणि जिथे बी पेरलेले असेल तिथेच पीक उगवते. मानवी शरीरातील ग्रंथींचे दोन मुख्य प्रकार असेच आहेत.

ग्रंथी म्हणजे विशिष्ट स्राव निर्माण करणारा पेशींचा समूह. गर्भावस्थेत पृष्ठभागावरील पेशी आत खोल शिरतात व त्यांतूनच बहुतेक ग्रंथी आकार घेतात. पृष्ठभागाशी जोडणारी नलिका टिकली, तर ती बहिःस्रावी ग्रंथी होय. लालाग्रंथी, अश्रुग्रंथी, स्वेदग्रंथी या वर्गात येतात. नलिका नसेल, तर ती अंतःस्रावी ग्रंथी. पियूषिका, अवटू (थायरॉईड), अधिवृक्क या ग्रंथींचे स्राव, म्हणजेच संप्रेरके, थेट रक्तात मिसळतात व ज्या पेशी ती ओळखतात त्यांच्यावरच परिणाम करतात. स्वादुपिंड मात्र मिश्र ग्रंथी आहे. त्याचा पाचकरस नलिकेने आतड्यात उतरतो, तर इन्सुलिन रक्तात जाते. काखेत वा जांघेत येणाऱ्या लसीका गाठींना लोक ग्रंथी म्हणतात खरे. पण त्या स्राव निर्माण करीत नाहीत, म्हणून त्या खऱ्या ग्रंथी नव्हेत.

हे वर्गीकरण केवळ परीक्षेपुरते नाही. लालाग्रंथीच्या नलिकेत खडा अडकला, तर जेवताना जबड्याखाली तिथेच सूज येते. अवटू मंदावली, तर थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, वाढते वजन अशी लक्षणे सर्वांगभर विखुरतात आणि मूळ दोष गळ्यात आहे हे ध्यानात येत नाही.

नवजात बालकात हा दोष अधिकच मूक असतो. आईचे संप्रेरक काही अंशी गर्भाला मिळालेले असल्याने जन्मतः बाळ सुदृढ दिसते. लक्षणे स्पष्ट होईपर्यंत मेंदूची हानी झालेली असते व ती भरून निघत नाही. मात्र जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून निदान होऊ शकते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची अल्पमोली गोळी सुरू केल्यास बहुतेक बालकांची बुद्धी सामान्यपणे विकसित होते.

अवटूचा कच्चा माल म्हणजे आयोडीन. प्रौढाला ते रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम लागते, गर्भवतीला सुमारे २५०. ते पुरेसे न मिळाल्यास ग्रंथी वाढून गलगंड होतो. म्हणूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ मध्ये खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली. तरीही साधे खडेमीठ अनेक स्वयंपाकघरांत आजही आढळते.

वाचकांना एवढीच विनंती : रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ वापरावे, ते झाकून ठेवावे आणि घरात बाळ जन्मले की प्रसूतिगृहातून निघण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा, "बाळाची थायरॉईडची तपासणी झाली का?"