टाकी भरली की मोटार बंद

रहिमतपूर असो की कोरेगाव, नळाला पाणी आले की घरातल्या मायमाउलीची धावपळ सुरू होते. मोटार लावायची, टाकीकडे लक्ष ठेवायचे आणि त्यातच पोरांचे डबे. लक्ष चुकले की पाणी गच्चीवरून वाहते. हौद कोरडा पडूनही मोटार चालू राहिली तर ती जळते आणि रिवाइंडिंगचा खर्च पगारातून जातो.

वाचक बंधू-भगिनींनो, ही राखण यंत्राकडे सोपवता येते. त्यासाठी संगणकाची भाषा पाठ असायला हवी असे नाही. २०१३ साली आयबीएम कंपनीतील निक ओ'लिअरी व डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी 'नोड-रेड' ही प्रणाली तयार केली. ती फुकट मिळते. तिच्यात कामाचे चित्र काढायचे, की ते काम चालू होते.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्यावा. शिकण्यापुरता जुना लॅपटॉपही चालतो. त्यावर आधी 'नोड जेएस' आणि मग 'नोड-रेड' बसवावे. ते सुरू केले की घरच्याच वायफायवरील मोबाईलच्या ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा पत्ता व पुढे १८८० हा आकडा टाकावा. कोरा फलक उघडतो. डावीकडे चौकोन असतात. ते फलकावर ओढायचे आणि रेघेने जोडायचे.

पहिला धडा सोपा आहे. 'इंजेक्ट' हा चौकोन 'डीबग'ला जोडा, 'डिप्लॉय' दाबा. मग इंजेक्टचे बटण दाबले की उजवीकडे डीबगच्या रकान्यात निरोप उमटतो. टाकीचेही असेच: फ्लोटचा निरोप आला, 'स्विच' चौकोनाने टाकी भरली का ते पाहिले, भरली असेल तर रिलेला बंदचा हुकूम. ठरलेल्या मिनिटांनी मोटार थांबावी म्हणून 'ट्रिगर' जोडावा.

मात्र सावध राहावे. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, घरची वीज २३० व्होल्टची. मोटारीचा भार छोट्या रिलेवर टाकू नये. मध्ये कॉन्टॅक्टर हवा आणि ते काम परवानाधारक वायरमननेच करावे. हाताने चालणारा स्टार्टर काढू नये. वीज जाऊन परत आली की मोटार बंदच राहील अशी जोडणी हवी. नव्या 'नोड-रेड'ला पासवर्ड नसतो. तो लावावा, आणि फलक बाहेरच्या इंटरनेटला उघडा ठेवू नये.

कोणी म्हणेल, नुसत्या टाकीसाठी बाजारातला साधा कंट्रोलर पुरतो. खरे आहे. एवढ्याच कामासाठी कर्ज काढून हे करू नये. पण यातून विचाराची जी शिस्त लागते, तिला मोल आहे. कारखान्यातले यंत्र चालवणाऱ्या पीएलसीची 'लॅडर' भाषाही शिडीसारखे चित्र काढूनच लिहितात. आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी जुन्या लॅपटॉपवर हे चौकोन जोडून पाहिले, तर उद्या पीएलसीसमोर उभे राहताना ते बिचकणार नाहीत. शाळा शिकणाऱ्या लेकीलाही यात बसवा. मोटारीची राखण आजवर तिच्याच वाट्याला आली आहे.