पोळेतील तीन रात्री

गेल्या माघात मेहुणीच्या मुलाच्या विवाहानिमित्त आम्हां उभयतांना अहमदाबादेस जाण्याचा योग आला. विवाह साबरमतीच्या पश्चिमेस, नव्या वस्तीतील एका विस्तीर्ण मंगल कार्यालयात होता, आणि बहुतेक आप्तांची व्यवस्था तेथेच जवळच्या हॉटेलांत झालेली होती. आम्ही मात्र कोटाच्या आत, जुन्या शहरातील एका पोळेत, हवेलीचे रूपांतर केलेल्या लहानशा हॉटेलात तीन रात्री राहण्याचे ठरविले. “अहो, मांडवापासून इतक्या लांब कशाला?” असे सौ.ने विचारले. गुडघ्याचे दुखणे तिचे असल्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही तिचाच होता. मी भाड्याचा हिशेब पुढे केला. नदीपलीकडील हॉटेलाचा दर रोजचा ५,५०० रुपये, येथील ३,४००. वर ५ टक्के कर धरून ३,५७०. दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. मात्र या ५ टक्क्यांत हॉटेलमालकास इनपुट क्रेडिट मिळत नाही, हे आपल्या व्यापारी बंधूंना मी सांगावयास नको.

खरे कारण निराळे होते, आणि ते मी त्या वेळी घरातही नीट बोललो नव्हतो. बार्शीचा आमचा वाडा विकावयाचा की काय, याचा निर्णय दादांनी माझ्यावर सोपविला होता. वडिलांच्या काळात खाली धान्याची अडत, मागे कोठार आणि वर घर असा तो वाडा. आज त्यात कोणी राहत नाही. दोन वर्षांपासून एक बिल्डर विचारणा करीत आहे. जुन्या घरात माणसे अजूनही पैसे देऊन राहतात, असे ऐकले होते. ते एकदा स्वतः पैसे देऊन पाहावे, एवढाच माझा हेतू.

अहिंसा एक्सप्रेसने पुण्याहून निघून कालूपूर स्थानकावर उतरलो. रिक्षा पोळेच्या दरवाजाशी थांबली. पुढे चारचाकी जात नाही. हॉटेलचा एक मुलगा हातगाडी घेऊन आला आणि आमच्या दोन बॅगा घेऊन पुढे चालू लागला. पोळ म्हणजे एका ज्ञातीच्या वा धंद्याच्या लोकांनी एका दरवाजाआड केलेली वसाहत. मध्ये अरुंद रस्ता, त्यास फुटलेल्या गल्ल्या, दोन्ही बाजूंस एकमेकांस टेकून उभी लाकडी चौकटीची घरे, प्रत्येक घरापुढे ओटा, आणि चौकात खांबावर उभारलेला पक्ष्यांच्या दाण्याचा चबुतरा. वाटा इतक्या वळणांच्या की पहिल्या दिवशी देरासर शोधताना आम्ही दोनदा त्याच ओट्यापाशी परत आलो. ओट्यावर बसलेल्या वृद्धेने तिसऱ्यांदा स्वतःच उठून वाट दाखविली.

हॉटेलात प्रवेश करताच एक अडचण उभी राहिली. आरक्षण करताना तळमजल्याची खोली मागितली होती. मिळाली दुसऱ्या मजल्यावरची. या हवेल्यांचा जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. पायऱ्या उंच, रुंदी एका माणसाची, आणि आधाराला वरून लोंबणारा दोर. सौ.ने दोराकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. व्यवस्थापक तरुण होता. “काका, दहा मिनिटे द्या,” म्हणाला आणि तळमजल्यावरील एका पाहुण्याची समजूत घालून तासाभरात खोली बदलून दिली. ही खोली रस्त्यावर उघडत नव्हती, आतल्या चौकावर उघडत होती. प्रथम मला त्यात तोटा वाटला, पण पहाटे दुचाक्यांचे भोंगे सुरू झाल्यावर तो नफा निघाला.

त्या चौकाविषयी थोडे लिहावयास हवे. वर आकाश उघडे, भोवती कोरीव खांबांची पडवी, आणि फरशीत मध्यभागी पितळी झाकण. त्याखाली टाके. अहमदाबादच्या जुन्या घरांत छपरावरचे पावसाचे पाणी नळाने खाली आणून जमिनीखालच्या टाक्यात साठवीत. पहिल्या पावसाचे पाणी छप्पर धुऊन निघेपर्यंत बाहेर सोडीत आणि मगच टाक्याची वाट मोकळी करीत. आत ऊन पोहोचत नाही म्हणून शेवाळ धरत नाही, आणि वर्षभर पुरेल एवढा पिण्याच्या पाण्याचा साठा घरातच राहतो. पाणी गाळून वापरण्याचा आपला परिपाठ असलेल्या कुटुंबांना हे टाके किती सोयीचे पडले असेल! व्यवस्थापकाने झाकण उचलून दाखविले. आत आमच्या दोघांची तोंडे दिसली. हल्ली पिण्यास महापालिकेचेच पाणी वापरतात. पण दर ज्येष्ठात टाके साफ होते, असे तो म्हणाला. आमच्या वाड्यातील आड गेल्या दहा वर्षांत एकदाही उपसलेला नाही, हे त्या वेळी मला आठवले.

भोजनाची चिंता आपल्या वाचकांना प्रथम असते, म्हणून सांगतो. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य करून स्वयंपाक होईल का, असे विचारले, तेव्हा स्वयंपाकी हसला. त्याला हे विचारणेच चमत्कारिक वाटले असावे. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होत होता. आमच्या विनंतीवरून तो पावणेसहालाच पाने मांडी. तूरडाळ, भेंडी, फुलके, कढी, एवढेच. पण वेळ एकदाही चुकली नाही. उलट लग्नघरच्या मेजवानीत, सगळे आप्तच असूनही, सौ.ला चोविहारासाठी दोनदा घड्याळ दाखवावे लागले.

माणेकचौक तेथून चालत सात मिनिटांवर. दिवसा सराफी, रात्री खाण्याच्या गाड्या. सोन्याचांदीच्या पेढ्यांची फळी खाली ओढली की तासाभरात त्याच जागी तवे तापू लागतात. प्रत्येक गाडीवर ‘जैन’ पदार्थांची निराळी यादी. सूर्य मावळल्यावर मांडलेली ही जैन यादी पाहून आम्ही दोघे हसलो आणि पोटाने नव्हे, डोळ्यांनी जेवून परतलो. १८९४ साली स्थापन झालेल्या अहमदाबाद शेअर बाजाराची जुनी इमारत याच चौकात आहे. एम. कॉम.च्या अभ्यासात भांडवल बाजाराचा इतिहास पाठ केला होता. तो ज्या दगडी पायऱ्यांवर घडला, त्या मात्र चाळीस वर्षांनी पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेच्या हेरिटेज वॉकमध्ये सामील झालो. १९९७ पासून चालू असलेला हा उपक्रम कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपाशी संपतो. १४११ साली अहमदशाहाने वसविलेले हे नगर २०१७ साली युनेस्कोच्या यादीत भारतातील पहिले जागतिक वारसा शहर ठरले. वाटेत कवी दलपतरामांचा पुतळा लागतो: घर पडले, दर्शनी भाग तेवढा उभा केला आणि ओट्यावर कवी बसविला आहे. येणारे जाणारे त्यांच्या शेजारी बसून छायाचित्र काढतात. सौ.ही बसली. गुडघा दुखत होता, हे निमित्त.

मराठी माणसाने या शहरात थोडे मान खाली घालून हिंडावे, असेही काही आहे. १७२५ च्या सुमारास मराठी फौजांच्या लुटीचे संकट शहराच्या तोंडाशी आले, तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या पदरचे द्रव्य देऊन शहर सोडविले. ते शांतिदास झवेरींच्या घराण्यातील. व्यापारी महाजनांनी कृतज्ञतेने शहरात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्यास लावून दिले. पुढे १७५० च्या दशकापासून १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांनी शहराचा वसूल वाटून घेतला. गायकवाडांची हवेली आणि भद्रच्या किल्ल्यातील भद्रकालीचे मंदिर ही त्या काळाची खूण. आमच्या शालेय पुस्तकात ‘गुजरातवरील स्वारी’ एवढेच होते. स्वारीची किंमत कोणाच्या तिजोरीतून गेली, हे त्यात नव्हते.

दिल्ली दरवाजाबाहेरचे हठीसिंगांचे देरासर रिक्षाने जाऊन पाहिले. १८४८ चे, धर्मनाथ भगवंतांचे, बावन्न देवकुलिकांचे. शेठ हठीसिंग अकाली गेले, तेव्हा काम अपुरे होते. शेठाणी हरकुंवर यांनी ते तडीस नेले. तेथे दर्शनार्थींची गर्दी होती. आमच्या पोळेतील देरासरात मात्र पूजेला आम्ही धरून पाच जण. बाहेरून ते साध्या घरासारखे दिसते, आत शिरल्यावर लाकडावरील नक्षी पाहून पाऊल थबकते. पुजारी म्हणाला, “शेठलोक सारे पालडीला गेले. रविवारी येतात, गाड्या दरवाजाबाहेर लावून. पाहण्यास रोज परदेशी येतात.”

तिसऱ्या संध्याकाळी हॉटेलचे मालक भेटले. साठीचे, कापडाचा व्यापार, राहणे नदीपलीकडे. निवृत्त बँकवाला आहे असे कळताच मोकळेपणाने बोलले. चार भावांचा समाईक वाटा, वीस वर्षे कुलूप. शेजारची दोन घरे गोदामे झाली. वरच्या मजल्यावर मालाची पोती चढली की लाकडी तुळया वाकतात आणि मग घर आपोआप पडते. याही घराला गोदामासाठी गिऱ्हाईक होते. एक भाऊ राजी होता. अखेर चौघांनी भागीदारीचा करार केला: घर वाटावयाचे नाही, उत्पन्न वाटावयाचे, कोणास बाहेर पडावयाचे असेल तर प्रथम भावांनाच विकावयाचे. नऊ खोल्या निघाल्या. न्हाणीघरांच्या नळांसाठी भिंती फोडाव्या लागल्या, त्यावर सर्वांत जास्त खर्च झाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खोल्या भरलेल्या. उत्तरायणात पतंगासाठी गच्चीचेही भाडे मिळते. मे महिन्यात दिवसेंदिवस एकही पाहुणा नाही.

“शेवटी उरते काय?” मी बँकेतल्या सवयीने विचारले.

“कर्जाचा हप्ता आणि नोकरांचे पगार जाऊन फार काही नाही, साहेब. पण छप्पर गळत नाही.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोष खोलीचा नव्हता. नोकरीत असताना, एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो, तेव्हा असाच एक अर्ज माझ्या टेबलावर आला होता. दोन भाऊ आणि त्यांची विधवा वहिनी. वाड्याची दुरुस्ती करून यात्रेकरूंसाठी खोल्या काढावयाच्या होत्या. रक्कम मोठी नव्हती. मी शेरा मारला: ‘मालकी समाईक, उत्पन्न अनिश्चित, तारण विकण्यास कठीण.’ नियमाप्रमाणे त्यातील एकही शब्द चूक नव्हता. पण समाईक मालकीवर कराराचा उपाय असतो, हे मला ठाऊक होते, आणि तो त्यांना सुचविण्यास अर्धा तास लागला असता. मी तो दिला नाही. चार वर्षांनी त्या गावावरून बसने जाताना वाड्याच्या जागी दुकानगाळे पाहिले. आजवर हे कोणास सांगितले नव्हते. त्या रात्री सौ.ला सांगितले. ती म्हणाली, “मग बार्शीच्या वाड्याचे तारण तुम्ही विकण्यास कठीण धरणार की सोपे?”

मी सरळ उत्तर दिले नाही. बार्शी हे अहमदाबाद नव्हे. तेथे युनेस्को नाही, परदेशी पाहुणे नाहीत, खोलीला ३,४०० रुपये कोणी देणार नाही. भगवंताच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू, बाजार समितीत येणारे व्यापारी, एवढेच गिऱ्हाईक. हजार रुपयांची खोली धरली, वर्षात शंभर दिवस भरली धरली, सहा खोल्या धरल्या, तर सहा लाख. त्यातून दुरुस्ती, नोकर, वीज. कागदावर आकडे मांडले तेव्हा मला स्वतःलाच जुना शेरा पुन्हा मारावासा वाटला.

निघण्याच्या सकाळी बिल चुकते केले. तीन रात्रींचे १०,७१०, भोजनाचे निराळे. व्यवस्थापकाने पावती दिली आणि एक लहान पिशवी सौ.च्या हाती ठेवली. ज्वारी होती. “काकी, चबुतऱ्यावर घालून जा. येथे राहिलेले घालतात.” चबुतऱ्याला शिडी होती, ती मी चढलो.

गाडीत बसल्यावर दादांना फोन लावला.

“काय ठरले?” ते म्हणाले. “तो माणूस सोमवारी मोजमाप घ्यायला येणार आहे.”

“दादा, त्याला पुढच्या महिन्यात बोलवा. आधी धाकट्याला आणि ताईला घरी बोलवून घ्या. आपण चौघे बसू.”

“आणि काय करू?”

“आड उपसायला माणूस सांगा,” मी म्हणालो. “आणि छप्पर कुठे कुठे गळते, तेवढे पाहून ठेवा.”