वर्धा नदीची सीमा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची घरची पत्रे

सिंदी मेघेहून पुलगावच्या वाटेने पश्चिमेकडे गेले की वर्धा नदी लागते. १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या देवगावच्या तहाने या नदीच्या पश्चिमेकडील मुलूख नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. अलीकडचा आपला भाग मात्र भोसल्यांकडेच राहिला. कंपनी सरकारच्या वतीने हा तह करणारा सेनाधिकारी होता आर्थर वेलस्ली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या गृहस्थांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात, १८२९ साली, ब्रिटनमधील कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क मिळाला.

वेलस्ली १७९७ ते १८०५ या काळात हिंदुस्थानात होते. त्यांचे थोरले बंधू रिचर्ड हे १७९८ पासून गव्हर्नर जनरल होते, तर धाकटे बंधू हेन्री हे काही काळ रिचर्ड यांचे खासगी चिटणीस होते. त्यामुळे या घरात भावाचे पत्र आणि सरकारी खलिता यांतील अंतर फारच थोडे होते.

तरीही ते अंतर महत्त्वाचे आहे. १८०१ साली तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व रिचर्ड यांनी आर्थर यांच्याकडून काढून डेव्हिड बेअर्ड यांना दिले. सरकारी कागदांत हा केवळ एक हुकूम होता. परंतु हेन्रीला लिहिलेल्या पत्रांत दुखावलेला भाऊ बोलतो. त्याच सुमारास मुंबईत तापाने व त्वचारोगाने त्यांना अंथरुणास खिळवले आणि प्रवास हुकला. ज्या जहाजाने ते जाणार होते, ते पुढे बुडाले, असे चरित्रकार सांगतात.

२३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत त्यांच्या सैन्यातील सुमारे १,५८४ माणसे मृत, जखमी अथवा बेपत्ता झाली. विजय मिळाला, पण एवढी हानी पुन्हा पाहावयास नको, असा भाव त्यांच्या त्या काळच्या पत्रव्यवहारात उमटला आहे.

ही पत्रे टिकली, कारण घराण्याने ती जपली. त्यांच्या पुत्राने १८५८ पासून ती छापून प्रसिद्ध केली. १९८३ पासून वेलिंग्टन यांची कागदपत्रे इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात आहेत.

मात्र असईला पडलेल्यांमध्ये अनेक देशी शिपाईही होते. त्यांच्या घरी काय निरोप गेला, कोणी वाचून दाखवला, हे सांगणारी अशी दफ्तरे नाहीत. नदीकाठच्या ज्या गावांचा धनी एका सहीने बदलला, त्या गावांचे मनोगतही या पत्रांत नाही. इतिहास अशा रीतीने कागद जपणाऱ्यांच्या बाजूने बोलू लागतो.

म्हणून वाचकहो, आजी-आजोबांच्या पेटीतील जुनी पत्रे, अंतर्देशीये आणि मनिऑर्डरच्या पावत्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचावीत. कोणी, कोणाला, कोठून व कधी लिहिले याची चिठ्ठी त्यांना जोडून ती कोरड्या जागी ठेवावीत. आपल्या घराची साक्ष आपल्यावाचून दुसरे कोण जपणार?