जॅझची पदवी : परभणीच्या विद्यार्थ्याने काय तपासावे?

पदवीशिवाय व्यावसायिक वादक होता येत नाही, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. जॅझची पहिली पदवी अमेरिकेत डेंटन येथील विद्यापीठाने १९४७ मध्ये सुरू केली. त्याआधीच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात गोव्याचे वादक जॅझ वाजवत होते. गोव्यातील हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांना ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतासाठी साहाय्य केले. अशा अनेक वादकांचा पाया गावच्या चर्चच्या शाळेत, स्वरलेखन वाचत आणि एकत्र वाजवत घडला होता.

मग पदवी निरर्थक ठरते का? मला तसे वाटत नाही. सेलू-गंगाखेडच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या मुलाचा ताल पक्का असतो, कानही तयार असतो. पण पाश्चात्त्य स्वरलेखन, हार्मनी आणि रोज सोबत वाजवणारा वाद्यवृंद त्याला गावात मिळणे अवघड. हीच उणीव चांगला अभ्यासक्रम भरून काढतो. शुल्क जड आहे आणि सिंथेसायझर आल्यापासून चित्रपटांतील वादकांचे काम घटले, हा आक्षेप खराच. म्हणून तर प्रमाणपत्राच्या नावावर पैसे घालू नयेत. आठवड्यात वाद्यवृंदासोबत किती तास वाजवायला मिळते, शिकवणारे स्वतः मैफली करतात का, हे आधी विचारावे. प्रवेशापूर्वी वर्षभर पियानोवर हार्मनीचा सराव आणि स्वरलेखनाचे वाचन घरीही सुरू करता येते. त्यासाठी साधा कीबोर्ड चालतो.