सरसमध्ये स्टॉल लावताय? गल्ल्याएवढीच वहीही सांभाळा

चंद्रपूर/गडचिरोली : मोहफुलाचे लाडू, मध, चारोळी, बांबूच्या वस्तू. आपल्या भागातल्या महिला बचत गटांचा हा माल मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत मांडता येतो. ‘उमेद’ म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान गटांना ही संधी देतं. पण शेवटच्या दिवशी गल्ला मोजला की काम संपलं, असं समजू नका. खरी कमाई नंतर येणाऱ्या ऑर्डरची असते.

निघण्याआधी
हिशेब मांडा. समजा प्रवास, जेवण, हमाली धरून ६ हजार खर्च येणार आणि एका पाकिटामागे ४० रुपये सुटतात. मग १५० पाकिटं विकल्यावर फक्त खर्च निघतो, कमाई त्यानंतरची. माल किती न्यायचा, ते यावरून ठरवा.

खाण्याच्या पाकिटावर वजन, किंमत, घटक, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खाता येईल, गटाचा पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर हवा. गटाचा मोबाइल नंबरही ठळक छापा. पाकीट घरी गेल्यावर गिऱ्हाईक तुम्हाला त्यावरूनच शोधणार.

स्टॉलवर
शहरात मोह म्हटलं की अनेकांना दारूच आठवते. म्हणून आधी लाडवाचा तुकडा चाखायला द्या. ‘ही वाळवलेली फुलं आहेत, आम्ही जंगलातून वेचतो’ एवढं सांगितलं तरी पुरतं. क्यूआर कोड गटाच्या खात्याचा ठेवा, एखाद्या ताईच्या खात्याचा नको. गर्दीत नेटवर्क जातं, म्हणून वेगळ्या कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन आणि सुटे पैसे जवळ असू द्या.

एकीने विक्री करावी, दुसरीने वही धरावी. दुकानदार किंवा घाऊक गिऱ्हाईक आलं तर नाव, गाव, नंबर, काय हवं, किती हवं, हे लगेच लिहून घ्या.

‘हो’ म्हणताना जपून
मोहफूल साधारण मार्च-एप्रिलमध्ये पडतं, चारोळी उन्हाळ्यात निघते. वर्षभराचा साठा नसताना दर महिन्याला माल देऊ, असं कबूल करू नका. एकदा शब्द मोडला की ते गिऱ्हाईक पुन्हा फोन करत नाही. ‘आत्ता एवढाच आहे, पुढच्या हंगामात जास्त देऊ’ हे सरळ सांगा. दर ठरवताना पार्सलचा खर्च कोणाचा, तेही आधीच बोलून घ्या.

घरी आल्यावर
आठ दिवसांच्या आत वहीतल्या प्रत्येक नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपने फोटो आणि दर पाठवा. काय संपलं, काय परत आलं, लोक काय मागत होते, हे गटाच्या बैठकीत मांडा. पुढच्या वेळी काय न्यायचं, ते तिथेच ठरेल.

प्रदर्शनात भाग घ्यायचा असेल तर आपल्या सीआरपी ताईंना किंवा उमेदच्या तालुका अभियान व्यवस्थापन कक्षात विचारा.